कास्क स्ट्रेंग्थ सिंगल माल्टमध्ये पाणी नक्की किती घालायचं?

चौथा_मजला

मंडळी, अमृतची कास्क स्ट्रेंग्थ (पिंपातून काढून पाणी न मिसळता भरलेली) सिंगल माल्ट व्हिस्की आहे. लेबलवर ६१.८ टक्के अल्कोहोल. आपल्याकडच्या नेहमीच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या हिशोबाने ओतली आणि बिनपाण्याची प्यायली तर जीभ बधिर होते, चव काहीच कळत नाही. नेहमीसारखं ग्लास भरून पाणी ओतलं तर गोडसर पाणचट काहीतरी उरतं. मधली जागा कुठेतरी असणार, ती कशी शोधायची?

नेटवर कुणी म्हणतं दोनच थेंब घाला, कुणी म्हणतं निम्मंनिम्म. थेंब नको, मिलीत सांगा. पाणी कुठलं, घातल्यावर किती वेळ थांबायचं, ग्लास कसला हेही सांगा. चाखायची आहे, रिचवायची नाही.

---

मोजपट्टी

आधी पेग विसरा. चाखायला १५ मिली पुरे. ३० मिली ओतले आणि पाणी जास्त झालं तर तेवढं सगळं बिघडलेलं पीत बसावं लागतं.

सूत्र सोपं आहे. बाटलीवरच्या टक्क्यांना हव्या असलेल्या टक्क्यांनी भागा, त्यातून १ वजा करा, उरेल त्याला व्हिस्कीच्या मिलीने गुणा. तेवढे मिली पाणी. ६१.८ वरून ४६ वर यायचं असेल तर ६१.८ भागिले ४६ म्हणजे १.३४, १ वजा केला की ०.३४, गुणिले १५ म्हणजे ५ मिलीच्या आसपास. तुमच्या बाटलीसाठी १५ मिलीचा तक्ताच देतो:

१ मिली पाणी : ५७.९ टक्के
२ मिली : ५४.५
३ मिली : ५१.५
४ मिली : ४८.८
५ मिली : ४६.३
६ मिली : ४४.१
७ मिली : ४२.१

बघा, १ ते ७ मिलीत सगळा खेळ संपतो. ग्लासला नळ लावून पाणी घालणाऱ्याचा हात पहिल्याच फटक्यात ३० मिली ओततो, म्हणजे थेट २०.६ टक्के. तुम्हाला पाणचट लागलं ते त्यामुळे, व्हिस्कीचा त्यात दोष नाही.

मोजायला केमिस्टकडून ५ मिलीची कोरी सिरिंज आणा, सुई न लावता वापरा. खोकल्याच्या औषधावरचं खुणांचं टोपणही चालेल असं वाटतं, पण त्याचा मेंथॉलचा वास लवकर जात नाही आणि २.५ मिलीच्या खाली त्यावर खूणच नसते.

आता क्रम. ओतल्यावर ग्लासवर छोटी बशी झाका आणि पाच मिनिटं हात लावू नका. मग बशी काढून ग्लास हनुवटीच्या उंचीला धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळूहळू नाकाकडे आणा. जिथे टोचायला लागेल तिथेच थांबायचं. ग्लासात नाक खुपसून जोरात हुंगलं की पुढची दोन-तीन मिनिटं नाक कामातून गेलं. वास घ्यायचा तो छोटा, तुटक, फुलाचा घेतो तसा.

पहिला घोट अर्धा-एक मिलीचा, आणि तो हिशोबात धरू नका. तो फक्त तोंडाला सवय करायला. दुसरा घोट जिभेवर पसरू द्या, लाळेत मिसळू द्या, मग गिळा आणि नाकाने श्वास सोडा. बिनपाण्याची नोंद ही.

त्यानंतर १ मिली पाणी, ग्लास दोनदा गोल फिरवा, बशी झाका, दोन-तीन मिनिटं थांबा. वास, घोट, कागदावर एक शब्द. परत १ मिली. बहुतेकांची घाई इथेच होते. पाणी पडल्या पडल्या घेतलेला वास खरा नसतो, ढवळल्यामुळे वर उसळलेला असतो.

थांबायचं कुठे? नाकाला टोचणं संपलं आणि वास सुटे सुटे ओळखू यायला लागले की तुम्ही जागेवर आलात. त्यापुढचा एक मिली मुद्दाम घालून बघा. घोट पातळ होऊन मागे नुसता लाकडाचा कडवटपणा राहिला तर सीमा कळली.

एक युक्ती: ५ मिली बिनपाण्याची दुसऱ्या ग्लासात बाजूला ठेवा. सहा मिली पाणी घालून बसलात आणि पस्तावलात, तर ती ५ मिली परत आत ओता. ४४ वरून ४७.५ वर येता. घातलेलं पाणी काढायचा एवढा एकच मार्ग आहे.

---

फुरसतराव

मोजपट्टी, प्रणाम! पण एवढी प्रयोगशाळा मांडली तर प्यायची कधी?

ज्याला रोज मोजायचं नाही त्याने १५ मिलीत एक मापाचा चमचा (५ मिलीचा) पाणी घालावं आणि गप्प बसावं. ४६ वर येते, दहातल्या आठ व्हिस्की तिथे छान बोलतात. मात्र मापाचाच घ्या, पोहे खायचा चमचा नको. घरातले चमचे ३ मिलीपासून ८ मिलीपर्यंत काहीही असतात.

आणि दोन थेंबवाल्यांचं म्हणाल तर तो निव्वळ देखावा आहे.

---

रसायनी

देखावा म्हणताय ते बरंचसं बरोबर, पण पूर्ण नाही.

आकडा बघू. ड्रॉपरचा एक थेंब सुमारे ०.०५ मिली. दोन थेंब म्हणजे ०.१ मिली. १५ मिलीत ते पडले तर ६१.८ चे ६१.४ होतात. एवढ्या फरकाने द्रवाच्या स्वभावात काही बदलत नाही. पण थेंब पडतो तिथे पृष्ठभाग हलतो, त्या जागी काही क्षण पाणी जास्त असतं आणि वासाचा एक झोत सुटतो. तो खराच असतो, पण दहा-पंधरा सेकंदांत विरतो. लोक त्यालाच "उमलली" म्हणतात. उमलणं टिकायला निदान एक मिली लागतो.

पाण्याने वास का मोकळा होतो याचं कारण अल्कोहोलमध्ये आहे. व्हिस्कीतले वासाचे बरेच रेणू पाण्यापेक्षा अल्कोहोलला जास्त धरून असतात. अल्कोहोल भरपूर असलं की ते आतच रमतात. पाणी वाढलं की त्यांना आत करमत नाही, ते वर सरकतात. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकावर पाणी, अल्कोहोल आणि ग्वायाकॉल यांचं मिश्रण तपासलं. ग्वायाकॉल म्हणजे पीटच्या (माल्ट सुकवताना जाळतात त्या दलदलीतल्या मातीच्या) धुराच्या वासातला एक मुख्य घटक. ४५ टक्क्यांपर्यंत तो पृष्ठभागाजवळ राहतो आणि ५९ च्या वर गेलं की अल्कोहोलचे रेणू त्याला वेढून आत ओढतात, असं त्यात दिसलं. तुमची बाटली ६१.८ ची, म्हणजे बरोबर त्या रेषेच्या पलीकडे. पण हे तीनच घटकांचं गणित आहे. खऱ्या व्हिस्कीत शेकडो घटक असतात आणि सगळे एका दिशेने जात नाहीत. फळांच्या वासाची काही जड एस्टरं पाणी वाढलं की आपापसांत गोळा होतात आणि त्यांचा वास उलट दबतो. म्हणून प्रत्येक मिलीला चित्र बदलतं. नुसतं "मोकळं" होत जात नाही, काही उघडतं आणि काही मिटतं.

जळजळीचं कारण वेगळं. तोंडात उष्णता ओळखणारा एक संवेदक असतो, एरवी तो ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास जागा होतो. अल्कोहोल त्याचा उंबरठा ३४ अंशांच्या जवळ आणतं. तोंडाचं तापमान त्याहून जास्त, त्यामुळे आपल्याला आपलंच तोंड भाजल्यासारखं वाटतं. मिरचीतलं कॅप्सायसिनही हाच संवेदक चेतवतं. तांबड्या रश्शानंतर कास्क स्ट्रेंग्थ चाखायला बसणं म्हणजे दोन्हीकडून तेच बटण दाबणं. निदान दोन तास आधी तिखट नको. चाखताना सोबत कोरडा पाव आणि साधं पाणी, बस्स. फरसाण नंतर.

पाणी घालताना ग्लास उजेडाकडे धरून बघा. तेलासारखे वळसे फिरताना दिसतील. पाणी आणि व्हिस्की प्रकाश वेगवेगळा वाकवतात त्याचे ते माग आहेत. ते दिसेनासे झाले की मिसळलं. बारीक बुडबुडेही येतील आणि द्रव किंचित कोमट होईल. दोन्ही स्वाभाविक.

जाता जाता: मोजपट्टींच्या सूत्रात एक बारीक चूक आहे. पाणी आणि अल्कोहोल मिसळले की आकसतात. ५० मिली आणि ५० मिली मिळून १०० होत नाहीत, ९६-९७ होतात. त्यामुळे ४६ गाठायला सूत्रापेक्षा पाण्याचे तीन-चार थेंब जास्त लागतात. १५ मिलीत दुर्लक्ष करा.

---

मडगावकर

तक्ता ठीक आहे, पण कुठली व्हिस्की हे बघितल्याशिवाय ४६ चा पाढा म्हणू नका.

आपल्या देशातल्या माल्टचं गणित स्कॉटलंडहून वेगळं. तिकडे पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के उडून जातात. बंगळुरूला अमृतच्या गोदामात हा देवदूतांचा वाटा १०-१२ टक्क्यांपर्यंत जातो. गरमीत पिंपाचं लाकूड व्हिस्कीत भराभर उतरतं. म्हणून चार-पाच वर्षांची आपली माल्ट लाकडाच्या बाबतीत तिकडच्या दुप्पट वयाच्या बाटलीसारखी लागते. आता यात पाणी जास्त झालं की गोडवा आणि फळं मागे पडतात आणि लाकडाचा तुरटपणा एकटा पुढे येतो. चहा जास्त उकळल्यावर येतो तसा. माझ्या मते अशा बाटलीला ५० ते ५२ च्या खाली सावकाश उतरावं. तुमच्या बाटलीत ३ मिलीपर्यंत बिनधास्त, चौथ्यापासून अर्ध्या-अर्ध्या मिलीने.

आमच्या गोव्यातल्या कुंकळ्ळीची पॉल जॉन क्लासिक सिलेक्ट कास्क ५५.२ ची, पीटेड ५५.५ ची. या दोघींना १५ मिलीत ३ मिली पाणी घातलं की ४६ येतं. मुळात कमी टक्क्यांची असल्याने हात लवकर जड होतो, सांभाळून. पीटेडमध्ये पाण्याबरोबर धूर वर येतो, पण फार घातलं तर धुराची राख होते. ओल्या चुलीसारखा वास आला की समजा एक मिली जास्त झाला.

शेरी या वाइनच्या पिंपातल्या स्कॉच बाटल्या, अबेरलूर अबुना, ग्लेनफार्क्लस १०५ वगैरे, पाणी पुष्कळ सहन करतात. सुरुवातीला मनुका आणि काळा गूळ एकमेकांत चिकटून असतात, दोन-तीन मिलीत सुटे होतात. (१०५ म्हणजे जुनं ब्रिटिश प्रूफ, टक्क्यांत ६०. आपल्या बाटल्यांवर "७५ डिग्री प्रूफ" छापतात ते याच मापातलं. ७५ भागिले १.७५ करा, ४२.८ येतील.)

आणखी एक गोष्ट, जी तिकडची पुस्तकं सांगत नाहीत कारण तिकडे ती अडचणच नाही: खोलीचं तापमान. "रूम टेंपरेचरला चाखा" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात १८-२० अंश असतात. मे महिन्यात आपल्या खोलीत ३४ असतात. त्या गरमीत अल्कोहोलची वाफच आधी नाकात शिरते, मागचं काही पोचत नाही. बाटली फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही. ओतलेला ग्लास झाकून फ्रीजच्या दारात सात-आठ मिनिटं ठेवा, किंवा एसीच्या खोलीत बसा. पाणीही त्याच तापमानाचं घ्या. पंखा मात्र बंद. पंख्याखाली बसून वास घेणाऱ्यांना दंडवत.

---

ठाणेकरीण

ग्लास आणि पाणी राहिलं.

ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा, खाली फुगीर आणि वर निमुळता. ग्लेनकेर्न मिळाला तर उत्तम, नाहीतर लहान वाइन ग्लास. नेहमीचा रुंद तोंडाचा ग्लास या कामाचा नाही, त्यात वास साठत नाही. ग्लास कपाटात पालथा ठेवलेला असेल तर आत कपाटाचा, कागदाचा, डांबरगोळ्यांचा वास कोंडलेला असतो. ओतण्याआधी रिकामा ग्लास हुंगा. कसला तरी वास आला तर साबण न लावता गरम पाण्याने विसळा आणि हवेवर सुकू द्या. फडक्याने पुसलात तर फडक्याचा वास. त्याच खोलीत संध्याकाळची उदबत्ती लागली असेल तर सरळ उद्यावर ढकला.

पाणी: नळाचं नको. त्यातलं क्लोरीन व्हिस्कीतल्या फिनॉलांबरोबर (धुराचा वास देणारी संयुगं) दवाखान्याच्या वासाची संयुगं बनवतं, आणि पीटेड व्हिस्कीत ते लगेच कळतं. बोअरचं नको, त्यातल्या कॅल्शियममुळे चव बसते आणि बारीक साका धरू शकतो. घरच्या आरओचं पाणी चांगलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ५० च्या आसपास असेल तर काही बघायला नको. पाणी भरलेलं भांडं माठाजवळ किंवा फ्रीजमध्ये उघडं ठेवलेलं नसावं. बाटलीबंद पाण्यात चवीसाठी क्षार घातलेले असतात, ते चालतं, पण पाणी आधी नुसतं पिऊन बघा. पाण्याला स्वतःची चव लागली तर ती व्हिस्कीतही लागणार.

आणि कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ६१.८ टक्क्यांच्या ६० मिलीत ३७ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. ४२.८ च्या ६० मिलीत २५.७. म्हणजे नेहमीचे दोन पेग समजून घेतलेले हे दोन जवळपास तीन होतात. पाणी घातलं म्हणून आत गेलेलं अल्कोहोल कमी होत नाही, फक्त पसरतं. १५-१५ मिलीच्या दोन फेऱ्यांत एका संध्याकाळचं चाखणं होऊन जातं. तिसऱ्या फेरीपर्यंत जीभ तशीही विश्वासाची राहत नाही.

---

चौथा_मजला

सगळ्यांचे आभार. काल सिरिंजने मोजून ३ मिलीवर छान वाटली, पाचव्या मिलीला तुरट. मडगावकर, तुमचा चहा बरोबर!

तीन शंका उरल्या. बर्फाचा तुकडा टाकला तर ग्लास धूसर झाला, ते काय? नुसता बर्फ चालतो का? आणि दर वेळी सिरिंज काढण्यापेक्षा आधीच पाणी मिसळून वेगळी बाटली भरून ठेवली तर?

---

मोजपट्टी

धूसर होणं चांगली खूण समजा. कास्क स्ट्रेंग्थ बाटल्या सहसा थंड करून गाळलेल्या नसतात. त्यातली जड तेलं आणि एस्टरं ४६ च्या वर विरघळलेली राहतात. त्याखाली, किंवा गार झाल्यावर, बाहेर पडतात आणि ढगाळ दिसतात. गाळणी न करणारे बरेच जण ४६ वर बाटली भरतात ते याचसाठी. चवीला धोका नाही, कोमट झाली की ढग पुष्कळसा जातो. मात्र तळाशी पांढरी बारीक रेती बसली तर तो पाण्यातला कॅल्शियम, पाणी बदला.

बर्फ पिण्यासाठी ठीक, चाखण्यासाठी नाही. एक तर गार झाली की वास उडत नाही. दुसरं, तो किती वितळला यावर तुमचा ताबा नाही: ३० मिलीत बर्फ वितळून २० मिली पाणी झालं की ६१.८ चे ३७ झाले, आणि तुम्ही फोनवर बोलत होतात. सोड्याचा प्रश्न पुढे येईलच, म्हणून सांगतो: एकास तीन घातला तर १५.५ टक्के, उन्हाळ्यात मजेदार लागतो, पण त्यासाठी महागाची बाटली फोडू नका.

आधी मिसळून ठेवणं अगदी चालतं आणि चवही जास्त एकजीव लागते. तुमचा तीन मिलीचा आकडा धरा. २०० मिलीची स्वच्छ काचेची बाटली घ्या, वास नसलेली, झाकण स्क्रूचं. त्यात १६० मिली व्हिस्की आणि ३२ मिली आरओचं पाणी. पाणी एकदम न ओतता दहा-दहा मिली, प्रत्येक वेळी बाटली हळूच उलटीसुलटी करून. ५१.५ च्या आसपास येईल. बाटली गळ्यापर्यंत भरलेली असावी, आत हवा कमी राहते. दोन दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवून मग उघडा आणि महिना-दोन महिन्यांत संपवा. वर चिठ्ठी लावा, टक्के आणि तारीख लिहून. नाहीतर कुणीतरी तिच्यात परत पाणी घालेल.

मूळ बाटली उभीच ठेवा. आडवी ठेवली तर ६१.८ टक्के अल्कोहोल बुचाला कुरतडतं, आणि मग तुम्ही पाण्याऐवजी बुचाचे तुकडे गाळत बसाल.